पुढे धाडलेलं लाटणं

समोरच्या गच्चीवर गेल्या आठवड्यात खाट चढली. खाटेवर जुनी सुती साडी, साडीच्या चार कोपऱ्यांवर चार विटा, आणि मधे ओळीनं पापड. मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले होते, ती ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. उडदाचं पीठ, हिंग, मिरी आणि पापडखार यांचा मिळून एक वास होतो, आणि तो जळगावच्या उन्हात रस्ता ओलांडून आरामात घरी येतो. चैत्रात आमच्याकडे सकाळी नऊलाच ऊन अंगावर धावून येतं. टॉवेल पिळायचा राहिला होता. पाणी माझ्या पायांवर टपटपत राहिलं.

आत माय खुर्चीत बसली होती, टीव्हीसमोर. तिला वास आला का, हे मी विचारलं नाही. हल्ली ती दिवसाला पाच-सहाच शब्द बोलते आणि ते जपून वापरते.

माझं काम सांगितलं की लोकांना हसू येतं. मी टीव्हीवरच्या मालिकांविषयी लिहिते. इथल्या एका दैनिकात दर शुक्रवारी माझं सदर येतं, आणि रोज संध्याकाळी फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसून मी कालच्या भागाची गोष्ट थेट सांगते, निम्मी मराठीत, निम्मी अहिराणीत. ज्यांचा भाग चुकला त्या बायका ऐकतात. ज्यांचा चुकला नाही त्याही ऐकतात, कारण मालिकेपेक्षा माझी नावं ठेवण्याची पद्धत त्यांना आवडते. भाजीबाजारात गवारीच्या ढिगाआडून एखादी विचारते, "ताई, ती सासू खरंच मेली का हो?" मी म्हणते, "दिवाळीपर्यंत थांबा, परत येईल." ती समाधानानं दोन मिरच्या जास्तीच्या टाकते. एकदा नशिराबादच्या वळणावर रिक्षा थांबवून रिक्षावाल्यानं मला खडसावलं होतं की, काल तुम्ही शेवट आधीच सांगून टाकलात, आमची मंडळी अजून रुसलेली आहे.

मी ट्रान्स बाई आहे, हे या सगळ्यांना माहीत आहे. सदरावर फोटो असतो, फोनवर आवाज असतो, आणि पहिल्याच वर्षी मी एका सदरात ते सरळ लिहून टाकलं होतं. वाईट बोलणारे बोलतात. ते मी वाचते, थोडं चिडते आणि मग चहा टाकते. पण गवारीआडून आलेला तो "ताई" शब्द मी घरापर्यंत पिशवीतून आणते. माझ्यासारख्या बाईबद्दल लोक मोठमोठे प्रश्न विचारतील अशी मी तयारी करून ठेवलेली असते, आणि लोक विचारतात सासूबद्दल. याहून मोठी चैन मला ठाऊक नाही.

एवढं सगळं असून चैत्र आला की मला घरात सुचत नाही. त्याला कारण एक लाटणं आहे. ते आत स्वयंपाकघरात फळीवर, डब्यांच्या मागे ठेवलेलं आहे.

माझं बालपण धरणगावात गेलं, कापसाच्या गाड्यांनी पांढुरक्या झालेल्या रस्त्यालगतच्या एका गल्लीत. तिथं उन्हाळकाम एकटीनं कोणी करत नसे. होळी झाली की पाळ्या लागायच्या. आज एकीकडे पापड, परवा दुसरीकडे, मधल्या दिवशी तिसरीकडे ज्वारीच्या बिबड्या. आमच्या शेजारी विमलअक्का राहायच्या. गल्लीचा हा सगळा कारभार त्यांच्या हाती. आदल्या संध्याकाळी त्या दारोदार जाऊन एकच वाक्य बोलायच्या: "सकाय मना घर पापड शेतस. लाटणं लई या." उद्या माझ्या घरी पापड आहेत, लाटणं घेऊन या; झालं आमंत्रण. पाहुण्यांना, विहिणींना सांगताना "पापड खावाले या" म्हणायचं. पुरुषांना काहीच सांगायचं नाही, त्यांनी आपणहून दुपारभर दुसरीकडे जायचं. लाटणं आणायला ज्यांना सांगितलं, त्या गल्लीच्या बायका.

पापडाचं लाटणं पोळीच्या लाटण्याहून बारीक असतं, आणि ते जिचं तिलाच चालतं. दुसरीचं घेतलं की पापडाची कड जाड येते, असा सगळ्यांचा ठाम समज. दहा-बारा लाटण्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येक लाटण्याच्या मुठीवर नेलपॉलिशचा ठिपका असायचा. विमलअक्कांचा लाल. कोणाचा गुलाबी, कोणाचा सोनेरी. माझ्या मायनं जन्मात नेलपॉलिश विकत घेतली नाही, म्हणून तिच्या लाटण्यावर अक्कांच्याच बाटलीतले दोन लाल ठिपके. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येईपर्यंत लाटून लाटून ते ठिपके झिजून जायचे, आणि पुढच्या होळीला पुन्हा लावायचे. बायकांच्या नखांवर नसेल इतकी नेलपॉलिश आमच्या गल्लीत लाटण्यांवर होती.

अजून एक रीत होती. सकाळी सगळ्यांचीच धांदल असायची. पाणी यायचं असायचं, डबे जायचे असायचे. म्हणून पोळपाट-लाटणं आधी पोरांच्या हाती पुढे धाडून द्यायचं. पोरानं ते जिथं नेऊन ठेवलं, ती त्या बाईची जागा. मग तिला यायला दहा वाजोत, अकरा वाजोत, त्या जागेवर कोणी बसायचं नाही. लाटणं पोचलं म्हणजे बाई येणारच. मायचं लाटणं मी नेत असे, आणि नेहमी विमलअक्कांच्या डाव्या हाताला ठेवत असे, कारण तिथून दारातला उजेड बरा यायचा.

पंखा बंद. पंख्यानं पीठ सुकतं. घामानं निथळत त्या बायका गोल करून बसायच्या. मधे तेलाचा हात लावलेला पिठाचा गोळा. दोऱ्यानं कापलेल्या लाट्या भराभर वाटल्या जायच्या, आणि त्यातल्या दोन-चार तेलात बुडवून आम्हा पोरांच्या तोंडात जायच्या. कच्च्या लाटीची ती तिखट, चिकट चव जिभेवर तासभर राहते. मी अजून कुठल्याही लग्नात बुफेच्या टेबलाकडे जाताना मनात तीच शोधते.

त्या काळात आमच्याकडे संध्याकाळी वीज जायची, आणि नेमकी मालिकेच्या वेळेला जायची. चौकातल्या किराणा दुकानदाराकडे तेवढा इन्व्हर्टर होता. ती मंडळी मूळची राजस्थानची, पण तीन पिढ्या धरणगावात काढलेली. घरातल्या शेठाणीबाई मला उंबऱ्यावर बसू द्यायच्या. गल्लीत मालिका पाहिलेली मी एकटीच. दुसऱ्या दिवशी पापडाच्या बैठकीत मला मधे उभं करायचे आणि विमलअक्का म्हणायच्या, "सांग."

मी सांगायची. नुसती सांगायची नाही, करून दाखवायची. त्या मालिकेत एक खलनायिका होती. नायिका बिचारी रडून रडून डोळे सुजवायची आणि ही मात्र प्रत्येक दुःखाला नवी साडी नेसून यायची. तिच्या येण्याआधी घरात कुठून तरी वारा सुटायचा. मी खाटेवर घालायची साडी खांद्यावर टाकून, भुवई वर चढवून, तिच्यासारखी दारातून आत यायची. बायकांचे हात थांबायचे. "मंग? मंग काय जायं?" कोणीतरी विचारायचं. मी मुद्दाम थांबायची. थांबायचं कुठं, हे मी तिथंच शिकले. आज माझं पोट त्यावरच चालतं. माय तेवढी वर पाहायची नाही. ती पदर तोंडाला लावून लाटत राहायची, आणि तिचे खांदे हसण्यानं हलताना मला दिसायचे.

त्या खलनायिकेचं नाव यामिनी होतं.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. एका दुपारी आमच्याच घरी पापड होते, आणि एक बाई ताप आला म्हणून आली नाही. तिच्या जागेवर पोळपाट मोकळा पडला होता. विमलअक्का सहज म्हणाल्या, "बठ, तूच लाट." मी बसले. पहिला पापड जाड झाला, दुसरा वाकडा, तिसरा मात्र असा पातळ आला की त्यातून पोळपाटाच्या लाकडाच्या रेषा दिसत होत्या. अक्कांनी तो उचलून सगळ्यांना दाखवला. मला वाटलं, आता कोणी मला इथून उठवू नये. एवढंच वाटलं. तेव्हा माझ्याकडे दुसरे शब्द नव्हते.

नेमका तेव्हाच साक्रीहून मामा आला. मायचा थोरला भाऊ. दारात चपला काढता काढता त्यानं आत पाहिलं आणि विचारलं, "हाऊ काय बायास्मा बठी ऱ्हास?"

हा बायकांत बसतो का, एवढंच. मायनं माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. ओढलं नाही, हळूच काढलं. म्हणाली, "जाय, मामाले पानी दे." मी पाणी दिलं. त्या दिवसानंतरही मला गोष्ट सांगायला उभं करत, पण पोळपाटावर कोणी बसवलं नाही. तोंड चालेल, हात नको, असा त्या बैठकीनं माझ्याशी न बोलता करार केला, आणि मी तो पाळला.

शिकायला मी धुळ्यात गेले. कॉलेज झालं, मग काही वर्षं तिथंच एका झेरॉक्सच्या दुकानात काम केलं. भाड्याच्या खोलीत आल्यावर मी पहिली गोष्ट विकत घेतली ती जांभळी नेलपॉलिश. यामिनी लावायची तसली, गडद. शनिवारी संध्याकाळी लावायची, रविवारभर हात खोलीतच मिरवायचे, सोमवारी सकाळी खरवडून काढायची. एका रविवारी काढावीशीच वाटली नाही. सोमवारी तशीच दुकानात गेले. मालकानं माझ्या बोटांकडे पाहिलं, प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा पुढे केला आणि म्हणाला, "दोन्ही बाजूंनी काढ." त्या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत, हे त्याला कधीच कळणार नाही. मग ओढणी आली, कानातले आले, थिएटरात बाल्कनीत बसून समोसा खाणं आलं. नायकाच्या एन्ट्रीला मी शिट्टी मारायची. पुढच्या रांगेतल्या बाया वळून बघायच्या आणि मग त्याही टाळ्या वाजवायच्या. धुळ्यानं मला फार प्रश्न विचारले नाहीत. त्या गावाची एवढी तरी आठवण मला लिहून ठेवायची होती.

मायला मी सांगितलं ते तिच्या स्वयंपाकघरात. वडील जाऊन वर्ष झालं होतं. ती चुलत्याकडून आलेल्या कैऱ्या चिरत होती. मी सगळं बोलले, पाठ केल्यासारखं. शेवटी नाव सांगितलं. ती पहिल्यांदाच वर बघत म्हणाली, "ती मालिकामधली?"

"हो."

"कसाले ते नाव? ती बाई तं खराब व्हती."

मला हसू यायला हवं होतं. आज येतं. त्या दिवशी मी पिशवी उचलली आणि संध्याकाळची गाडी धरली. ती दुसरं काय बोलणार होती, हे ऐकायला मी थांबलेच नाही. मालिकेत मी कुठं थांबायचं ते जाणते; स्वतःच्या घरात मला ते कधी जमलं नाही.

पुढची पाच वर्षं आमचं बोलणं फोनवर झालं. रक्तदाबाची गोळी घेतली का, सिलिंडर आला का, नळाला पाणी किती दिवसांनी येतं. तिनं जुनं नाव टाकलं, पण नवं उचललं नाही. "ऐक," असं म्हणून ती सुरुवात करायची, आणि पाच वर्षं माझं नाव "ऐक" होतं. मी जळगावात आले, लिहू लागले, लोक ओळखू लागले. धरणगाव तासाभराच्या अंतरावर. दिवाळीला जायची ती दोन तासांसाठी, आतल्या खोलीत बसून परत. गल्ली मी मान खाली घालून ओलांडायची. कॅमेऱ्यासमोर मी जगाला तोंड दाखवत होते आणि विमलअक्कांच्या दारावरून जाताना ओढणी नाकापर्यंत घेत होते. हे मी आजवर कुठल्याच सदरात लिहिलेलं नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी, अशाच चैत्रात, मायचा फोन आला. एका मालिकेचा शेवटचा भाग त्या शुक्रवारी रात्री होता, आणि शनिवारी दुपारपासून फोनवर थेट बोलत राहण्याचा माझा बेत मी आठवडाभर जाहीर करत होते. मी भलत्याच गडबडीत होते.

"ऐक," माय म्हणाली. "शनवारले आपला घर पापड शेतस. लाटणं लई ये."

गल्लीतलं तेच आमंत्रण. जे विमलअक्का दारोदार जाऊन देत, जे मी लहानपणी हजारदा ऐकलं होतं आणि जे मला एकदाही मिळालं नव्हतं. पापड खायला ये असं ती म्हणाली नाही. लाटणं आण म्हणाली. आणि मला ऐकू काय आलं? घरात लाटणी कमी पडताहेत.

"लाटणी नाहीत का? अगं मी पाठवते ना," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले, पुस्तकी मराठीत. "चांगली सहाचा सेट मिळतो. शुक्रवारपर्यंत पोचेल."

ती "बरं," म्हणाली.

मी लगेच फोनवरून सहा लाटणी मागवली, शिसवी, पापडाची बारीक. पत्ता तिचा घातला. त्या संध्याकाळी मी मैत्रिणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा, की पाच वर्षांत मायनं पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. मला केवढं बरं वाटत होतं. शनिवारी मी जांभळी साडी नेसले, नखं रंगवली आणि तीन तास बोलले. लोक हसले, रडले, एका आजीनं सून वाचली म्हणून नवस फेडायचं कबूल केलं. संध्याकाळी फोन पाहिला तर मायचे दोन फोन येऊन गेलेले. मी उलटा लावला.

"पार्सल भेटनं," ती म्हणाली. "चांगलं शे."

मी म्हटलं, "आणखी काही लागलं तर सांग."

ती म्हणाली, "नही. काही नही."

पोळ्याच्या आसपास तिला झटका आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, जीभ जड झाली आणि उजवा हात कायमचा मांडीवर राहिला. मी तिला जळगावला आणलं. त्या वेळी वाद घालायला कोणाकडे शब्द उरले नव्हते. ती माझ्या घरी आली, माझ्या पलंगावर झोपली, माझ्या हातानं जेवली. महिन्याभरानं मी तिचे कपडे आणायला धरणगावला गेले. दार उघडताना कुलपाचा आवाज ऐकून विमलअक्का आल्या. आता त्याही थकल्या आहेत. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग माझ्या दंडाला धरून आत नेलं, आणि फडताळातून एक लाटणं काढून माझ्या हातात दिलं. मी पाठवलेल्या सहांपैकी एक. मुठीवर ठिपका होता. जांभळा.

"तू उनी नही," अक्का म्हणाल्या. तू आली नाहीस, हे रागानं नाही, झालेली गोष्ट सांगावी तसं म्हणाल्या.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. शुक्रवारी दुपारी पार्सल आलं. मायनं ते उघडलं आणि तिला वाटलं, पोरीनं लाटणं पुढे धाडलं. म्हणजे पोर येणार. गल्लीत पोरं हातात घेऊन जायची, हिनं कुरियरनं धाडलं, एवढाच काय तो फरक. त्याच संध्याकाळी ती नेलपॉलिश घ्यायला चौकातल्या दुकानात गेली. "मोबाइल दखाडा दुकानमा," अक्का म्हणाल्या, "नि म्हने, मनी आंडेर लावस हाऊच रंग पाहिजे."

आंडेर म्हणजे मुलगी. हा शब्द मायनं माझ्यासमोर कधी वापरला नव्हता. तो तिनं दुकानदारासमोर वापरला, आणि माझ्या नखांचा रंग तिला माहीत होता, म्हणजे ती रोज संध्याकाळी मला पाहत होती. यातलं काहीच तिनं मला फोनवर सांगितलं नाही. मीही तिला सिलिंडरपलीकडे काही विचारलं नव्हतं.

"सकायले तिनी तुनं लाटणं मना डावा हातले ठेवं," अक्का सांगत होत्या. "दुपारलगून जागा धरी बठेल व्हती. कोनले बठू दिधं नही. म्हने, लाटणं येल शे, आते पोर बी येई."

मी विचारलं, "आणि बायका? त्यांना चालणार होतं?"

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. "बठ्ठ्या वाट दखी ऱ्हायंत्या," त्या म्हणाल्या. "शेवटला भाग कोन सांगी मंग?"

म्हणजे मी जेव्हा इथं खोलीत दार लावून, दिव्याच्या उजेडात, न दिसणाऱ्या बायकांना गोष्ट सांगत होते, तेव्हा तासाभराच्या अंतरावर दिसणाऱ्या बायका एक जागा मोकळी ठेवून बसल्या होत्या. मधे दोनदा मायनं फोन लावला. व्हिडिओ एका फोनवर चालू होता; बोलण्याचा दुसरा मी उलटा करून ठेवला होता.

मी स्वतःला पुष्कळ वेळा समजावलंय की चूक साधी होती. गडबड होती, सेट मिळत होता, कोणाच्याही हातून झालं असतं. पण खरं सांगायचं तर ते तसं नाही. त्या वाक्यात काय आहे ते मला कुठंतरी कळलं होतं. गल्लीत वाढलेल्या माणसाला ते कळत नाही, असं होत नाही. मी घाबरले. त्या गोलात जाऊन बसायचं, पंखा बंद, तोंडावरचा पावडरचा हात घामानं उतरलेला, आणि दारातून पुन्हा कोणी मामा यायचा. म्हणून मी लाटणी पाठवली. वस्तू पाठवून माणूस सुटतं, ही शहरात शिकलेली अक्कल. पण आमच्या गल्लीत वस्तू पुढे गेली की माणूस बांधलं जातं, हे मी विसरले. की विसरल्यासारखं केलं.

तो उन्हाळा गल्लीचा शेवटचा ठरला. आता सगळ्या घरी तयार पापड येतात. विमलअक्कांचे गुडघे खाली बसू देत नाहीत. मायचा हात तर गेलाच.

मायला मी हे सगळं विचारलं नाही. काय विचारणार? रोज दुपारी मालिकेची वेळ झाली की ती डाव्या हातानं टीव्हीचा आवाज बंद करते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "सांग." चित्र समोर चालू असतं, तरी तिला गोष्ट माझ्या तोंडून हवी असते. मी सांगते. खलनायिका आली की पदर खांद्यावरून फिरवून भुवई चढवते. माय हसते, अर्ध्या तोंडानं, आणि पदर तोंडाला लावायला तिचा तो मांडीवरचा हात उठायला बघतो.

तर त्या दिवशी मी गॅलरीत टॉवेल घेऊन उभी होते, तेव्हा समोरच्या गच्चीवरच्या बाईनं मला हात केला. ओळखीची आहे, रोज ऐकते मला. ओरडून म्हणाली, "ताई, रविवारी अजून आठ-दहा जणी बसणार आहोत. या ना तुम्ही. मालिकेची गोष्ट सांगा, तेवढाच वेळ जाईल." मनापासून बोलावत होती. मी "बघते" म्हणाले.

आत आल्यावर मायला सांगितलं. सहजच, बाकीच्या बातम्यांसारखं. तिनं टीव्हीवरची नजर काढली नाही. मला वाटलं, तिनं ऐकलं नाही. मग जीभ जुळवून जुळवून तिनं तीन शब्द काढले.

"लाटणं लई जाय."

मी गेले. रविवारी सकाळी, लाटणं स्वतःच्या हातात धरून, जिना उतरून, रस्ता ओलांडून. गच्चीखालच्या खोलीत पंखा बंद होता. बायकांनी माझ्या हातातलं लाटणं पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि सरकून जागा केली. मी लाटत लाटत गोष्ट सांगितली. चाळिशीला आलेल्या बाईचे पापड दहा वर्षांच्या पोरीच्या पापडांहून जाड आले, ते त्यांनी न बोलता ढिगाच्या खाली सारले. बरं वाटलं. पण मी सारखी उजवीकडे बघत होते. तिथं विमलअक्का नव्हत्या, आणि समोर खांदे हलवत, पदर तोंडाला लावून हसणारं कोणी नव्हतं. लाटताना हात कसा ठेवायचा हे जिला विचारायचं होतं, ती रस्त्यापलीकडे खुर्चीत होती.

दुपारी घरी आले. माय जागी होती. तिनं डावा हात पुढे केला, म्हणून मी लाटणं तिला दिलं. तिनं पिठाची बाजू पाहिली नाही. मूठ वर करून उजेडात धरली आणि त्या जांभळ्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा, काही निघतं का ते बघत. काही निघालं नाही. तो झिजायला सबंध उन्हाळा लाटावं लागतं, आणि तिनं लावला त्या दिवसापासून मी एकच सकाळ लाटलं होतं.

"नवाच शे," माय म्हणाली, आणि लाटणं माझ्याकडे परत दिलं.